स्कोअरवहीतली टिंबं

चाळीस मुलींच्या यादीत श्रावस्ती तायडेचं नाव एकतिसावं लागलं, आणि कुमुदताई सरकटे स्कोअररच्या टेबलावरून उठल्या त्या थेट बोंद्रेसाहेबांच्या मांडवाकडे निघाल्या. सामना चालू असताना स्कोअररनं जागा सोडायची नसते, हे त्यांनीच तीस वर्षं सगळ्यांना शिकवलं होतं. आता जेवणाची सुट्टी होती. पण नसती तरी त्या उठल्याच असत्या, अंगाची नुसती लाही लाही झाली होती.

एकतिसावी! अहो, ज्या पोरीनं सकाळपासून पाच वेळा बॅट हातात घेतली, पाचातून चार वेळा बेस गाठला आणि एकदाही तीन स्ट्राइक खाऊन परत आली नाही, ती एकतिसावी. आणि पहिली कोण? तर सात वेळा उभी राहून पाच वेळा नुसता वारा घालून आलेली. उरलेल्या दोन वेळा तिनं चेंडू कुंपणापार भिरकावला, हे खरं. पण दोन होमरनवर पाच स्ट्राइकआउट माफ? हा कुठला न्याय?

ज्यांनी सॉफ्टबॉल पाहिला नसेल त्यांना दोन शब्दांत सांगायचं तर खेळ सरळ आहे. पिचर खालून हात फिरवून चेंडू टाकते. तीनदा चेंडू हुकला, म्हणजे तीन स्ट्राइक झाल्या, की बॅटर बाद, त्यालाच स्ट्राइकआउट म्हणतात. चेंडू बॅटला लागला की मात्र जीव खाऊन पहिल्या बेसकडे पळायचं, आणि समोरच्या मुलींनी चेंडू उचलून तिथं फेकायच्या आत पोहोचायचं. श्रावस्तीचा सगळा खेळ या पळण्यावर होता. बॅट वरती आखडून धरायची, चेंडूला नुसती टाळी द्यायची आणि सुटायचं.

पश्चिम वऱ्हाड सॉफ्टबॉल मंडळाची ही निवड चाचणी सावरखेडच्या मैदानावर होती. चाळिसांतून सोळा मुली राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. पदक मिळालं तर खेळाडू कोट्यातून नोकरीचं दार उघडणार होतं. श्रावस्तीची वयोमर्यादा डिसेंबरात संपत होती, म्हणजे तिला ही शेवटची संधी. आणि गेल्या तीन वर्षांपासून निवड समितीचे चार जण घरी बसले होते, कारण निवड आता ‘पारख’ करत होती.

बोंद्रेसाहेब मंडळाचे सचिव. भाकरीचा तुकडा हातात धरूनच ते म्हणाले, “या ताई, बसा. जेवता का?”

“जेवण राहू द्या. तायडेची पोरगी एकतिसावी कशी, ते सांगा.”

“मी नाही लावली. पारखनं लावली.”

“पारखला काय डोळे आहेत?”

“आठ आहेत,” साहेब हसले. “आणि एक रडार.”

त्यांना ही यंत्रणा समजावून सांगायला फार आवडायचं. मैदानाभोवती आठ कॅमेरे. चेंडू बॅटवरून किती वेगानं निघाला, कोणत्या कोनात निघाला, हे ते टिपतात. मग पारख तोच फटका स्वतःच्या पोटातल्या मैदानावर दहा हजार वेळा खेळून बघते. त्यात किती वेळा बॅटर बाद झाली, किती वेळा पोहोचली, संघाच्या किती धावा वाढल्या, याची सरासरी काढते. तेच त्या मुलीचं धावमूल्य, त्यातून तिच्या नावावरच्या चुका वजा. त्या फटक्याचं प्रत्यक्षात काय झालं ते पारख धरत नाही, कारण एखाद्या दिवशी नशीबही साथ देतं आणि नशिबावर संघ निवडायचा नसतो.

“आता बघा,” साहेब म्हणाले, “आउट म्हणजे आउट. तीन स्ट्राइक घेऊन झाली काय आणि हळू टोलवून पहिल्या बेसवर झाली काय, फळ्यावर एकच. उलट हळू टोल्यावर कधी कधी एका फेकीत दोघी बाद होतात. मग स्ट्राइकआउटला भ्यायचं कशाला? पूर्ण ताकदीनं फिरवा. दहात दोन लागले तरी खूप. म्हणून तर हेल्मेटमध्ये कंप ठेवलाय. पिचरच्या हातातून चेंडू सुटला की अर्ध्या सेकंदात तो बॅटरपाशी येतो. त्याच्या आधीच पारख ठरवते. हेल्मेट थरथरलं तर फिरव, नाही तर सोड. पोरीनं विचारच करायचा नाही.”

“वा रे वा! विचार करायचा नाही तर मग खेळायचं कशाला? खांब उभे करा ना मैदानात!” ताईंचा आवाज चढला. “आणि श्रावस्ती चार वेळा बेसवर पोचली, ते काय नशीब?”

“चारही वेळा समोरच्या मुलीच्या हातून चेंडू सुटला, ताई. तसं हजार चेंडूंत अकरा वेळा होतं.”

“अकरा? या मुरमाच्या मैदानावर? कोणत्या शहाण्यानं सांगितलं तुम्हाला?”

साहेबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “तुम्हीच. बारा वर्षांच्या स्कोअरवह्या स्कॅन करून पारखला शिकवल्यात आम्ही. सगळ्या तुमच्या देखरेखीखालच्या. तुमच्या वह्यांवर आमचा पूर्ण विश्वास आहे.”

ताई आल्या तशा मागे फिरल्या.

कारण त्या वह्या खोट्या होत्या. खोट्या त्यांनीच केल्या होत्या.

झालं होतं असं. बारा वर्षांपूर्वी एका जिल्हा स्पर्धेत सातवीतल्या एका पोरीच्या हातून तीन चेंडू सुटले. नियमाप्रमाणे ताईंनी तिच्या नावापुढे तीन चुका मांडल्या. संध्याकाळी तिचा बाप वही बघायला आला आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाला, “नाव घालवलंस, उद्यापासून मैदानात पाऊल टाकायचं नाही.” पोरगी पुन्हा कधी दिसली नाही. निवड समितीवालेही तसलेच, चुकांचा रकाना बघून नाव खोडायचे. उखळासारखे खड्डे पडलेलं मैदान द्यायचं, उसवलेले ग्लोव्ह द्यायचे आणि वर चुका मोजायच्या! ताईंचं डोकं फिरलं. त्यांनी सगळ्या स्कोअररना बोलावून सांगितलं, “पोर धडपडली तर तिच्या नावावर चूक लिहायची नाही. बॅटरला हिट द्या, तिच्याच टोल्यानं बेस मिळाला म्हणून, आणि मोकळे व्हा. इचीही अब्रू राहते, तिचंही भलं होतं.” फक्त त्या चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं एक बारीक टिंब ठेवायचं. जिच्यावर टिंबं जास्त, तिला सोमवारी सरावात शंभर चेंडू जास्त मिळायचे.

वऱ्हाडभर ही रीत पडली. कुणाचं काही बिघडलं नाही असं बारा वर्षं सगळ्यांना वाटत राहिलं.

पण वहीतली हिट पारख मोजतच नाही, ती नशिबाच्या खात्यात जाते. चेंडू किती वेळा सुटतो ते ठरवायला चुका मात्र मोजते, आणि चुका तर वहीत जवळपास नव्हत्याच. मग पारखनं काय शिकावं? हेच, की या भागात पोरींच्या हातून चेंडू सुटतच नाही. म्हणजे हळू टोलवणारी हमखास बाद. म्हणजे श्रावस्ती एकतिसावी. हे गणित चालता चालता ताईंच्या डोक्यात जुळत गेलं, आणि सकाळपासून पारखवर असलेला राग सगळा उलटून त्यांच्याच अंगावर आला.

श्रावस्ती नळापाशी बसून बुटांतला मुरूम झटकत होती.

“काऊन गं, जेवली नाहीस?”

“मॅडम, म्या ठरवलं,” ती मान वर न करता म्हणाली. “दुपारी मशीन सांगते तसंच करतो. हेल्मेट थरथरलं का पुरी बॅट फिरवतो.”

“तुझा खेळ आहे का तो?”

“माह्या खेळाले विचारते कोन?” ती एकदम उसळली. “मले दिसते ना मॅडम, कुठं मुरूम सुटला आहे, कोनाचा ग्लोव्ह ढिला आहे ते. स्ट्राइकआउट झाली का समोरच्यायले काहीच करा लागत नाही, नुसतं उभं राहा लागते. चेंडू जमिनीवर पडला का नऊच्या नऊ जनी घाबरतात. हे त्या मशीनले कोनं सांगितलंच नाही का?”

कुणी सांगितलं नाही, ते ताईंनी तिला सांगितलं नाही. दुपारच्या सामन्याची शिटी झाली. श्रावस्ती हेल्मेट घालून निघून गेली.

टेबलावर बदली स्कोअरर बसवून ताई मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या, जिथं पारखचे पडदे लागले होते. तिथं मोनाली बसली होती, शासनाकडून आलेली निरीक्षक. तालुका क्रीडा अधिकारी. निवडीच्या आकड्यांवर शेवटची सही तिची. आणि मोनाली ही कुमुदताईंची एकुलती एक मुलगी.

“मोने, वह्या स्कॅन केल्या तेव्हा कोपऱ्यातल्या टिंबांचं काय केलंत?”

“कागदावरचे डाग म्हणून साफ झाली. मशीन आपोआप करतं ते. का?”

ताईंनी सांगितलं. काही लपवलं नाही. मोनालीनं खुर्ची वळवून घेतली.

“माझ्यावर किती टिंबं?”

“मोने…”

“शेवटच्या वर्षी. शॉर्टस्टॉप, मोनाली सरकटे. किती?”

“एकवीस.”

“आणि वहीत शून्य,” मोनाली म्हणाली. “ते शून्य बघून मला संघात घेतलं. संघाला पदक मिळालं. त्या पदकावर ही खुर्ची.”

“मला सगळं कळतंय गं. म्हणूनच सकाळपासून…”

“काय कळतंय तुला?” मोनाली ताडकन उठली. “सोमवारी मला शंभर चेंडू जास्त का मारायचीस, ते मला तेव्हा कळत नव्हतं? किती चेंडू सोडले ते मला तोंडपाठ होतं, आई! मंचावरून ‘शून्य चुका, शून्य चुका’ म्हणायचे, टाळ्या वाजायच्या, आणि मला वाटायचं धरणी फाटावी. तू मला एकदा तरी विचारलंस, लिहू का म्हणून? मी म्हटलं असतं, लिही. मी पडले असते, रडले असते आणि परत उभी राहिले असते. ते तू करूच दिलं नाहीस.”

“बाकीच्या पोरींना दिलं तेच तुला दिलं. मुलगी म्हणून वेगळं काही…”

“माझ्या जागी कोण घरी राहिली?”

ताईंनी खिडकीबाहेर मैदानाकडे तोंड वळवलं.

“नाव सांग.”

“भारती इंगोले.”

“काय करते आता?”

“मला माहीत नाही,” ताई म्हणाल्या, आणि इतकी वर्षं ते आपण कधी विचारलंही नाही, हे त्यांना तेव्हा उमगलं.

मोनालीनं पडद्याकडे तोंड फिरवलं. मूळ चित्रं साठवणीत होती. डाग साफ करण्याची सूचना बंद केली की टिंबं परत येणार होती, तासाभराचं काम. तेवढ्यात बोंद्रेसाहेब दारात आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि हात जोडले.

“मॅडम, पुढल्या वर्षी करू. एवढ्या वर्षांच्या नोंदी हलतील. शून्य चुकांवर निवडलेल्या मुलींची फेरतपासणी निघेल. तुमचं नाव…”

“माझं नाव पहिलं निघेल. माहीत आहे.”

“मग एका पोरीसाठी कशाला हे? शंभर भानगडी होतील.”

“एका पोरीसाठी?” ताई कडाडल्या. “अहो, तीन वर्षं तुम्ही टोलवणाऱ्या सगळ्या पोरी घरी पाठवल्या! किती गेल्या ते मोजलंत? मी खोटं लिहिलं ते पाप माझं. पण समोर मैदानात दर सामन्याला चेंडू सुटताना तुमच्या डोळ्यांना दिसत होते की नाही? पडदा म्हणतो अकरा, म्हणून तुम्हीही अकरा! डोळे काय गहाण टाकले होते?”

मोनालीनं कळ दाबली.

तासाभरानं आकडे हलायला लागले. हजारात अकराच्या जागी एकशे छत्तीस आले. म्हणजे जमिनीवर टोलवलेल्या सातेक चेंडूंत एक सुटणारच. आणि तिसरी स्ट्राइक खाल्ली की कुणाच्या हातून काही सुटायचा प्रश्नच नाही, बॅटर सरळ माघारी. आउट म्हणजे आउट खरं, पण टोलवलेला चेंडू आउट व्हायला समोरच्यांनी तो आधी उचलावा लागतो, नीट फेकावा लागतो आणि पहिल्या बेसवरच्या मुलीनं पकडावा लागतो. या तीन गोष्टींची किंमत पारखला आजवर कुणी शिकवलीच नव्हती.

दुसऱ्या पडद्यावर आपोआप एक लाल यादी उमटली: फेरतपासणीस पात्र नोंदी. पहिलंच नाव मोनाली सरकटे. मोनालीनं ते वाचलं, खाली सही केली आणि अहवाल वर पाठवून दिला.

निवडीची यादीही बदलली होती. श्रावस्ती अठरावी. सोळात नाहीच.

“अजून अठरावी कशी?” ताई ओरडल्या.

“दुपारी दोन वेळा उभी राहिली,” मोनालीनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. “दोन्ही वेळा स्ट्राइकआउट. हेल्मेट सांगतंय तशी फिरवतेय. हेल्मेटमध्ये अजून जुनंच गणित आहे, ते सामना संपल्यावरच बदलता येतं. आता शेवटची पाळी.”

ताई धावत टेबलापाशी आल्या. त्यांच्या जागी बसलेल्या बदली स्कोअररनं वही पुढं सरकवली. श्रावस्ती बॅट खाली, टोकाला धरून उभी होती, ताकदीनं फिरवणाऱ्या मुली धरतात तशी. दोन स्ट्राइक झाल्या होत्या. बिचारीचा चेहरा पडला होता.

स्कोअरर मुका असतो. हसायचं नाही, टाळी वाजवायची नाही, मैदानाकडे एक शब्द टाकायचा नाही. ताईंनी हे शेकडो पोरींना शिकवलं होतं.

“श्रावस्ती!” त्या खुर्चीवर चढून ओरडल्या. “हेल्मेटचं ऐकू नको! बॅट वर धर! नुसती टाळी दे चेंडूला आणि पळ, माझे बाई, पळ!”

अंपायरनं हात वर केला आणि ताईंना सक्त ताकीद दिली. बोंद्रेसाहेबांनी कपाळाला हात लावला. श्रावस्तीनं एकवार टेबलाकडे पाहिलं, आणि तिचे हात बॅटवर चार बोटं वर सरकले.

चेंडू आला. हेल्मेट थरथरलं की नाही कोण जाणे. तिनं चेंडूला टाळी दिली आणि सुटली. चेंडू दोन टप्पे घेत शॉर्टस्टॉपकडे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेकडे, गेला. तिथं पूर्वा भटकर होती, सोळा वर्षांची, यादीत पंधरावी. ती वेळेवर वाकली, ग्लोव्हही नीट लावला. पण मुरमाच्या सुट्या खड्यावर चेंडू उसळला आणि तिच्या मनगटावर आपटून मागे गेला. तिनं वळून उचलला तोवर श्रावस्ती पहिला बेस ओलांडून गेली होती.

सगळं मैदान ओरडत होतं. ताईंनी पेन्सिल उचलली. संध्याकाळच्या यादीत श्रावस्तीचं नाव सोळावं लागलं आणि पूर्वाचं सतरावं. पण हे त्यांना त्या क्षणी ठाऊक नव्हतं. एवढंच दिसत होतं की पूर्वा धावत टेबलाकडे येतेय, तीस वर्षं पोरी येत आल्या तशीच, मनगट धरून, डोळ्यांत पाणी आणून.

“मॅडम, उसळला हो चेंडू. माझ्या हातात होता. नका ना लिहू.”

लिहू नये असं त्यांना मनापासून वाटलं. बारा वर्षं रोज वाटलं होतं तसंच वाटलं. त्यांनी पूर्वाच्या नावापुढे चूक मांडली, ठळक, आणि वही वळवून तिला दाखवली.

“लिहिलंय, पूर्वा. तुझ्या नावावर.”

पूर्वा वहीकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिनं बाहीनं पुसलं. पत्र्याच्या खोलीतलं चढ्या आवाजातलं बोलणं बाहेरच्या मुलींनी एव्हाना मैदानभर केलं होतं, फील्डिंगला उतरताना तिच्याही कानावर आलं होतं.

“तुमच्या मुलीच्या वेळी नाही लिहिलं तुम्ही.”

“नाही लिहिलं.”

“एकवीस वेळा नाही लिहिलं.”

“हो.”

“मग ते कुणाच्या नावावर लिहायचं, मॅडम?” पूर्वाचा आवाज चढला. मागच्या मुली थबकल्या, अंपायर वळून बघायला लागला. “चेंडू मी सोडला, माझं नाव लागलं. तुम्ही बारा वर्षं सोडलं, त्याचं काय?”

ताईंनी वही चाळली. पिचर, कॅचर, पहिला बेस, दुसरा बेस, शॉर्टस्टॉप, नऊ जागांचे नऊ रकाने होते, स्कोअररचा नव्हता. अंपायर खेळ सुरू करा म्हणून दोनदा ओरडला, पण पूर्वा टेबलापुढून हलली नाही.